तीन जाखाई आणि एक चूल

माडबंदरचे राजे सर्जेराव महाराज अरबी घोड्याच्या स्वागताला ढोलताशे घेऊन धक्क्यावर गेले, आणि ‘जाखाई’ गलबतातून निघालं काय? सुके बोंबील! महाराजांचा पारा असा चढला की हसायचीसुद्धा चोरी झाली.

आता बंदरात ‘जाखाई’ होत्या तीन. ग्रामदेवीचं नाव, दुसरं कोण ठेवणार? तिन्ही एकाच नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरलेल्या. एक मस्कतहून घोडे आणी, दुसरी मलबारहून नारळ, आणि धाकू तांडेलाच्या जाखाईच्या नशिबी मीठ आणि सुकी मासळी.

महाराज गरजले, “एक नाव, एक गलबत! दोघांनी नाव बदला!”

तिन्ही तांडेलांनी कानांना हात लावले. “देवीचं नाव पुसून दर्यावर जायचं? ते नाही जमायचं, महाराज!”

“मग उद्या दरबारात खरी जाखाई कोणती ते सांगा. उरलेल्या दोन फोडून मुदपाकखान्याची चूल पेटवीन!”

धाकू घरी येऊन मटकन बसला. चुलीत पहिली कोणाची जाखाई जाणार, हे काय सांगायला हवं? गलबत गेलं की पोटाला काय खायचं!

त्याची लेक हौसा म्हणाली, “बाबा, डोळे पुसा. उद्या मी येते.”

दुसऱ्या दिवशी ती महाराजांपुढे उभी राहिली. “खरी कोणती ते सांगते, महाराज. पण निवाडा कसा करतात ते आम्हां अडाण्यांना कुठलं ठाऊक? आधी आपण एक करून दाखवा.”

“कसला?”

“आपल्या आजोबांचं नाव त्यांच्या तिन्ही लेकांनी रीतीप्रमाणे आपापल्या पोराला ठेवलं. एक सर्जेराव गादीवर. दुसरे त्या खांबापाशी, कुस्ती खेळतात. तिसरे पलीकडे, जेवून पेंगताहेत. यांतले खरे सर्जेराव कोणते? आणि उरलेल्या दोघांना कुठल्या चुलीत घालायचं?”

पेंगणारे सर्जेराव ताडकन उठले. “दादा! चुलीचं काय म्हणाली ही?”

“अगं, आम्हांला ओळखायला कुणी चुकत नाही!” महाराज म्हणाले. “हा पैलवान सर्जेराव, तो झोपाळू सर्जेराव!”

“आम्ही तरी कुठे चुकतो? घोड्यांची जाखाई, नारळांची जाखाई, बोंबलांची जाखाई! धक्क्यावर विचारलं असतं, तर शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं!”

धाकूनं डोळे मिटून घेतले.

आणि महाराज पोट धरधरून हसू लागले! “तिन्ही जाखाईंना नवी शिडं द्या! आणि आजपासून बंदरात कोणतं गलबत आलं, ते आम्हांला हौसाच सांगेल. पगार आमच्या तिजोरीतून!”

“आणि मी बसू का आता?” झोपाळू सर्जेरावांनी विचारलं.