नवलकोलची विरळणी

फार पूर्वी, डोंगरात जिथे अर्धं वर्ष बर्फ पडलेलं असे, तिथे सगुणाबाई नावाची एकटी म्हातारी राहायची. घरामागच्या वाफ्यातला नवलकोल हाच तिचा हिवाळ्याचा आधार.

एका वर्षी रोपं फार दाट उगवली. विरळणी करायला म्हातारी वाकली आणि म्हणाली, "दोघांतला एक काढते रे, म्हणजे उरलेल्याचा गड्डा भरेल."

हात लागताच पहिलं रोप रडायला लागलं. "मला नको, आजी! या शेजाऱ्याला काढ, माझं सगळं पाणी हाच पितो."

"आणि हा माझं ऊन अडवतो, त्याचं काय?" शेजारचं ओरडलं. बघता बघता वाफाभर गलका झाला.

म्हातारीचं काळीज मेणाचं. तिनं हात मागे घेतला. "राहा बापडे सगळे. एवढ्यांचा तळतळाट कोण घेणार?"

रोपं उन्हासाठी एकमेकांवर चढत उंच झाली, पण दांड्यांना फुगून गड्डा धरायला जागाच नव्हती. म्हातारी रोज चाचपून बघायची आणि स्वतःलाच सांगायची, "भरतील, उशिरा का होईना."

एका सकाळी हिवानं पानं करपली. चुलीवर आधण ठेवून म्हातारी वाफ्यात आली. सुतळीएवढे दांडे थरथरत म्हणाले, "आजी, तेव्हाच शेजाऱ्याला काढलं असतंस तर!"

ज्या हातांना एक रोप उपटवलं नव्हतं, त्यांनी आज अख्खा वाफा उपटला.

तरी पातेल्याचा तळ झाकला नाही.