उतार हरवलेलं राज्य

एका राज्यात माणसं थोडी आणि डोंगर फार. राज्य उत्तरेचं, एवढं लांबरुंद की एका टोकाला सूर्य उगवला तरी दुसऱ्या टोकाचे लोक घोरत असत. त्यात तीन शिखरं सर्वांत उंच: धाकला, मधला आणि थोरला.

तिथली एक रीत होती. शिखर हातभर उरलं की थांबायचं. माथ्यावर पाय द्यायचा नाही. हाताने शिवायचं, तो हात कपाळाला लावायचा, "येतो" म्हणायचं आणि परतायचं. वाटाड्यांची पोरं चालायला शिकण्याआधी ही रीत शिकत.

राजा शिखरसेनाला मात्र वेगळीच खोड. डोंगर आपल्याहून उंच, हे त्याला खुपे. त्याने एका मांत्रिकाला बोलावून फर्मावलं, "तिन्ही शिखरांचे माथ्यावरचे दगड आण. सिंहासनाच्या पायरीत बसवतो. मग बघू कोण उंच!"

मांत्रिकाकडे उडतं घोंगडं होतं. थोरल्याची वाट दाखवायला त्याने सोमाजी वाटाड्याला बळेच घोंगड्यावर बसवलं. माथा आला तसे सोमाजीने हात जोडले. "मी माथ्यावर पाय देणार नाही. तुम्हीही दगड हलवू नका." मांत्रिकाने दगड उचलला आणि सोमाजीला तिथंच टाकून घोंगडं उडवलं. असली माणसं काय, उडतात आणि दुसऱ्याला लटकावतात!

तिन्ही दगड पायरीत बसले. राजाने तिसऱ्या दगडावर पाय ठेवला मात्र, राज्यातला उतार गेला. जिथं तिथं चढ. घरातून विहिरीकडे जाताना चढ, विहिरीवरून घरी येतानाही चढ. नद्या थबकल्या. कढी ओगराळ्यातून ताटात पडेना. मांत्रिक घाबरून घोंगड्यावर बसला, भुर्रकन वर गेला आणि वरच राहिला.

सोमाजीच्या बायकोचं नाव रेवका. दारात उभी राहून ती थोरल्याकडे बघत होती. डोळे भरून आले, पण पाणी गालावर उतरेना. बाईला धड रडताही येईना.

तेवढ्यात एक डोमकावळा छपरावर बसला. "रेवके, तुझा धनी माथ्याखालच्या खोबणीत बसलाय. पाऊल टाकावं तर वरच पडतं. पिशवीत सात भाकरी आहेत. रोज एक खातो. पुढचा हिशोब तूच कर."

"उपाय सांग, बाबा."

"दगड परत ठेवावे लागतील. एकेक दगड बसला की त्या त्या डोंगराचा उतार परत येईल. पण ज्याच्या हुकमाने उचलले, त्याच्याच पाठीवरून ते वर जातील."

रेवका राजवाड्यात गेली. राजा कपाळाला हात लावून बसला होता. "महाराज, दगड पाठीवर घ्या. वाट मी दाखवते."

"आम्ही? पाठीवर?"

"सात दिवस आहेत. माझा माणूस वर आहे. उठा."

राजा उठला. इतक्या सरळ शब्दांत त्याच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

धाकला चढायला दोन दिवस लागले. राजा दर वळणावर बसे. कावळा म्हणे, "महाराज, शिखर तुमच्याकडे चालत येणार नाही हो!" माथ्यापाशी धाकला बोलला, "डोक्यावर काय आहे?"

"मुकुट."

"माझ्याहून उंच काही घेऊन माझ्यापाशी येऊ नये."

राजाने मुकुट काढून दरीत टाकला. तो खाली पडेना, अधांतरीच राहिला. मग राजाने दगड बसवला आणि खळ्ळकन मुकुट दरीत गेला. धाकल्याचा उतार परत आला होता.

मधल्यावर आणखी दोन दिवस गेले. तिथं आवाज आला, "कोण आलंय?"

राजा सवयीने सुरू झाला. "श्रीमंत, रणधुरंधर, गिरिमस्तकमर्दन..." एकेका बिरुदासरशी पाठीवरचा दगड मणामणाने जड होऊ लागला. राजा गुडघ्यावर आला.

"अहो महाराज, नुसतं नाव सांगा!" रेवका ओरडली.

"शिखरसेन," राजा कसाबसा म्हणाला, आणि दगड हलका झाला. तो जागी बसला तसा मधल्याचाही उतार परत आला.

थोरला चढता चढता सहावा दिवस मावळतीला आला. माथ्याखालच्या खोबणीत सोमाजी बसला होता. दाढीत बर्फ, मांडीवर एकच भाकरी. रेवकाला बघून तो म्हणाला, "आलीस?" तिचे भरले डोळे तसेच भरलेले.

उतार गेल्याने माथ्याशी पुरुषाहून उंच कडाच उभा राहिला होता. राजाचा हात पुरेना. तो म्हणाला, "सोमाजी, वाक. तुझ्या पाठीवर चढतो."

डोंगर गरजला, "पाठ त्याची नको. मला पायाखाली कुणी घातलं होतं?"

वारा थांबला. राजा उभाच राहिला. इथवर आला तो मुकुट टाकून, बिरुदं टाकून. आता टाकायला उरला होता तो स्वतःच. हळूहळू तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात बर्फात टेकले.

"बाई, दगड घ्या. चढा."

"अगं बाई! महाराजांच्या पाठीवर पाय?"

"चढा हो. फार वेळ वाकायची सवय नाही मला."

रेवका चढली. दगड तिच्या हातात वरवंट्याएवढाच जड लागला. तिने तो माथ्यावर टेकवला, हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "येतो आम्ही."

तोच तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. सहा दिवसांचं तुंबलेलं, हनुवटीवरून टपटप खाली राजाच्या मानेवर. खाली दऱ्यांतून नद्यांचा आवाज उठला.

"पाऊस आला काय?" राजाने वाकल्या वाकल्या विचारलं.

"नाही महाराज," सोमाजी म्हणाला. "ही रडतेय." आणि तोही रडू लागला.

सातव्या भाकरीचे तीन वाटे झाले. चौथा कावळ्याने न विचारताच घेतला. मग मंडळी उतरू लागली. मांत्रिक दोन गावं ओलांडून एका शेणाच्या ढिगात पडला, असं ऐकिवात आहे. आम्हाला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

सिंहासनाची पायरी पुन्हा कुणी बसवली नाही. राजा गादी जमिनीवर टाकून बसे. कुणी उंच डोंगराची गोष्ट काढली की त्याचा हात आपसूक मानेकडे जाई, जिथं रेवकाची आसवं पडली होती.