झापड बांधलेला बैल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नकाशे नव्हते. घाटापलीकडे काय आहे ते पलीकडून आलेल्या माणसालाच विचारावं लागे. पोरांनो, ऐका. आणि पोरांच्या आडून ऐकणाऱ्या थोरांनो, तुम्हीही जरा पुढे सरका. ही गोष्ट खरं तर तुमच्याचसाठी आहे.

एका गावात भिवरा नावाची तेलीण राहायची. तिचा धाकटा भाऊ निवृत्ती. बापाने जाताना दोघांना सारखं वाटून दिलं होतं, तीन घाणे थोरलीला, तीन धाकट्याला. दोघांचं तेल एकसारखं उतरायचं, स्वच्छ आणि सोनेरी. वास घेतला तरी भूक लागावी असं.

पण हळूहळू आजूबाजूच्या प्रत्येक गावात घाणा उभा राहिला. तेल घरात पडून राहू लागलं. भिवराच्या घाण्यांवर पाच घरांच्या चुली पेटत होत्या. त्या पाच घरांतल्या बाया तिच्याकडे बघायच्या, बोलायच्या मात्र काही नाहीत. ते न बोलणंच तिला झोंबायचं. "काही झालं तरी ह्यांच्यातली एकही चूल विझू द्यायची नाही," तिने मनाशी ठरवलं.

तेवढ्यात घाटापलीकडच्या राजाचा जासूद आला. म्हणाला, "आमच्या मुलखात तीळ मोप, पण घाणा एकही नाही. बाया उखळात तीळ कुटतात, पाण्यात उकळतात, तेव्हा कुठे पळीभर तेल निघतं. तुम्ही घाणे आणा. जागा राजा देईल. दहा वर्षं सारा माफ!"

निवृत्ती आनंदाने उडालाच. त्याने घर विकलं, शेत विकलं आणि तिन्ही घाणे गाड्यांवर चढवले. भिवराने काय केलं? ती रात्रभर नाही, चांगले आठ दिवस विचार करत बसली. मग तिने एकच घाणा काढला, बैलही एकच घेतला.

निवृत्तीला हसू आवरेना. "आक्का, पाण्यात पडायचंच, तर पायरीवर बसून पाय कसले भिजवतेस? आणि तू गावातली पट्टीची पोहणारी!"

"पोहता येतं रे मला," भिवरा म्हणाली, "पण ह्या पाण्याची नि माझी ओळख नाही. एक घाणा बुडाला, तर घरचे दोन पाच चुली पेटत्या ठेवतील. सगळेच बुडाले, तर त्या बायांना मी तोंड कुठलं दाखवू?"

"भित्री ती भित्रीच," निवृत्ती म्हणाला आणि त्याने गाडी हाकली.

पलीकडच्या राज्यात पोचल्यावर दोघांनी शेजारी शेजारी घाणे उभे केले. बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधली, घाण्यात तीळ टाकले, आणि बैल फिरू लागला. आता घाण्याच्या बैलाला झापड बांधतातच. नाही बांधली तर त्याला भोवळ येते, नाहीतर तो तिळांत तोंड घालतो. तेलाची धार लागली. बघायला हे एवढं गाव लोटलं!

लोकांनी तेल बोटावर घेतलं, हुंगलं, मान डोलावली. आणि काय सांगू, एकानेही विकत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. पंधरा दिवस गेले, महिना गेला. निवृत्तीने भाव निम्मा केला. तरी कोण घेतंय!

भिवराने मात्र घाणा थांबवला आणि ती चौकशीला निघाली. देवळात एक म्हातारी रोज दिवे लावायची. भिवरा तिच्या पायरीशी जाऊन बसली, तिच्या वाती वळू लागली. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "आजी, आमच्या तेलात काय खोट आहे, ते मला एकदा सांगून टाका. राग नाही धरायची."

म्हातारी म्हणाली, "तेलात खोट नाही गं बये. पण आमच्याकडे दिवा म्हणजे देवाचा डोळा. ज्या जनावराचे डोळे बांधून तेल काढलं, त्या तेलाने देवाचा डोळा कसा उघडायचा? आणि जे दिव्याला चालत नाही, ते आम्ही ताटात घेत नाही."

भिवरा चकित झाली. "मग त्या जासूदाने हे सांगितलं कसं नाही?"

"अगं, जे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, ते कोण कशाला सांगत बसेल?" म्हातारी हसली. "तुम्हीही विचारलं नाहीत."

भिवरा धावतच भावाकडे गेली. निवृत्तीने ऐकलं आणि तो खवळला. "खुळचट समजूत! बाप-आज्यापासून असंच तेल काढतोय आपण. येतील झक मारत!" पण त्याच्या रागाखाली भीती होती. घर नव्हतं, शेत नव्हतं, परतायला जागाच उरली नव्हती. शेवटी त्याने काय करावं? घाण्यांभोवती उंच कूड घातला आणि जाहीर केलं, की आपण झापड काढली. लोक भोळे, त्यांनी तेल नेलं. चार दिवसांनी एका बाईची शेळी कुडाला भोक पाडून आत शिरली. शेळीमागे बाई शिरली आणि तिने बैल पाहिला, डोळे बांधलेला! त्या दिवसानंतर निवृत्तीच्या दारात पाणी प्यायलाही कुणी थांबेना.

भिवराने वेगळाच वसा घेतला. तिने आपल्या बैलाची झापड सोडली. बैल दहा फेऱ्यांत झोकांड्या खाऊ लागला, मग बसलाच. तिने त्याला उठवलं, थोपटलं, पुन्हा चालवलं. तो पुन्हा बसला. तिळांत तोंड घालू नये म्हणून मुसकं बांधलं, तर रुसून उभाच राहिला. एक महिना गेला, दोन गेले, पाच गेले. ह्या काळात ती काय खात होती म्हणता? घरचे दोन घाणे फिरत होते ना! तिथून दर अमावास्येला ज्वारीचं पोतं यायचं.

एकदा म्हातारीचा मुलगा, चिमा सुतार, तिची धडपड बघत उभा राहिला. म्हणाला, "बाई, एवढ्याशा रिंगणात माणूसही गरगरेल. वाट मोठी करा. दांडा दुप्पट लांब घाला, अन् बैल इथला घ्या, माझा गोऱ्हा. त्याने जन्मात झापड पाहिली नाही."

भिवरा म्हणाली, "दादा, नुसता दांडा नको. तुम्हीच ह्या घाण्यात या. चौथा हिस्सा तुमचा. मला हा मुलूख कळत नाही, तुम्हाला कळतो."

चिमाने दांडा घडवला. त्या मोठ्या रिंगणात गोऱ्हा डोळे उघडे ठेवून, रमतगमत फिरू लागला. तेल पूर्वीपेक्षा कमी निघायचं, पण निघायचं. पहिली वाटी भिवराने देवळात नेली. म्हातारीने वात भिजवली, दिवा लावला. ज्योत स्थिर झाली. भिवराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हातारी म्हणाली, "आता रडतेस काय? उद्या सकाळी तुझ्या दारात गाडगी घेऊन गाव उभं राहील, तेव्हा वाढणार कोण?"

आणि खरंच तसं झालं. वर्षभराने भिवराने घरून दुसरा घाणा आणला. तिसरा मात्र गावातच राहिला, आणि पाचही चुली पेटत राहिल्या.

एके दिवशी निवृत्ती तिच्या दारात आला. बैल विकले होते, घाणे सरपणात गेले होते. हातात एक मळकी झापड तेवढी उरली होती. "आक्का," तो म्हणाला, "तुझंही तेल तेच, माझंही तेच. मग मीच कसा बुडालो?"

भिवराने त्याला ताट वाढलं. जेवू दिलं पोटभर. मग त्याच्या हातातली झापड घेऊन त्याच्याच डोळ्यांवर बांधली आणि म्हणाली, "आता अंगणात चाल."

निवृत्ती चार पावलं चालला आणि चाचपडत थांबला.

"थांबलास ना? उंबरा कुठे, विहीर कुठे, ठाऊक नाही म्हणून थांबलास. इथे आलास त्या दिवशीही तुझ्या डोळ्यांवर हेच होतं. माझ्याही होतं, बाळा. मी एकच पाऊल टाकलं, म्हणून नुसती ठेचकाळले. तू धावत सुटलास."

निवृत्तीने स्वतःच्या हाताने झापड सोडली आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी भिवराने त्याला गावी धाडलं, घरचा घाणा सांभाळायला. ती झापड मात्र तिने आपल्या चौकटीला टांगून ठेवली. परमुलखात धंदा काढायला निघालेला कुणी सल्ला मागायला आला, की भिवरा आधी ती त्याच्या डोळ्यांवर बांधायची आणि अंगणात चालायला लावायची.

बोध: परमुलखात जरूर जावं, पण आधी तिथल्या माणसांना विचारून एकच पाऊल टाकावं आणि दुसरं घरच्या जमिनीवर घट्ट ठेवावं.