मळ्यातल्या घराचे मालक

"या घरात आजवर एक तरी मालक सुखानं नांदला का, महाराज?"

मुकुंदराव ढमढेरे विचारत होते. मळ्यातलं हे जुनं दगडी घर त्यांनी नुकतंच विकत घेतलं होतं. समोर बसलेल्या भैरवगीर गोसाव्यांचे ते जुने शिष्य. माणूस आपण पाहताक्षणी ओळखतो, असा त्यांना अभिमान होता.

गेनबालाही त्यांनी ओळखलं होतं. या गड्याचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या घरामागच्या खोपटात राहत आलं होतं. मालक बदलले, हे मात्र राहिले.

"यानंच त्यांना घालवलं नसेल कशावरून?"



मुकुंदरावांनी गेनबाला खोपट सोडायला सांगून टाकलं होतं. अंगणात बैलगाडी उभी होती. गेनबाची बायको हौसा मुकाट्यानं गाडीत भांडी ठेवत होती.

महाराज उठले आणि घराभोवती फिरू लागले. मुकुंदराव मागोमाग निघाले.

खिडकीच्या जाड गजांवर महाराजांनी हात ठेवला. हे कृष्णाजी खैऱ्यांनी बसवले, ते म्हणाले. घर बांधलं त्यांनीच. भाऊ एक दिवस ते बळकावणार, अशी त्यांची खात्री होती. भाऊ कधी फिरकलाही नाही.

पुढं उंच भिंत लागली. ती गणपत जाचकांची. खैऱ्यांची मुलं येऊन घर परत मागतील, या धास्तीनं ते ती चढवत गेले. आजारी पडले तेव्हा त्यांच्या हाका शेजारच्या मळ्यात पोचल्या नाहीत.

मग दार आलं. दाराला डोळ्याएवढं भोक होतं. घर बळकावायला कोण येतंय ते दिसावं म्हणून डॉक्टर लोणकरांनी पाडलेलं. स्वतःची मुलगी आली तरी ते आधी त्यातून पाहून घेत. पुढं तिनं येणंच सोडलं.

"आणि गेनबा?"

"डॉक्टरांना शेवटी खांदा दिला त्यानं."

गेनबा बाज उचलून गाडीकडं निघाला होता. मुकुंदरावांनी हातानंच त्याला थांबवलं.

गेनबानं बाज खाली ठेवली, पण तो तिच्यावर टेकला नाही. त्याची नजर नव्या मालकाच्या तोंडावरून हलत नव्हती. आता संशय त्याला होता.

"भीती तिघांनाही एकच होती," मुकुंदराव हळू आवाजात म्हणाले. "कुणीतरी येईल आणि घर घेईल."

"हं."

"मग... आला का तो कधी?"

महाराज उंबरा ओलांडून आत गेले. एरवी ते मुकुंदरावांना अरे मुकुंदा म्हणून हाक मारत. आज त्यांनी आतून दोन्ही कवाडं उघडली, बाजूला सरले आणि हात जोडले.

"या, मालक."