यमुनाबाईंची टाकी

आमच्या फाट्यावरच्या पेट्रोलपंपाचे मालक भगवंतशेठ, शेजारच्या यमुनाबाईंना त्यांच्या पिठाच्या सौर गिरणीवरून रोज खिजवायचे, “बाई, माझ्या टाकीत वीस हजार लिटर डिझेल आहे. तुमची टाकी कुठंय?”

एकदा वादळात विजेचे खांब पडले. तिसऱ्या दिवशी गडबडीत भरायचं राहिलं आणि पंपाच्या जनरेटरमधलं डिझेलही संपलं. पायाखाली टाकी तुडुंब, पण ती उपसणारी मोटर विजेवरची! रांगेत ॲम्ब्युलन्स अडकली, आत एक पोर बाळंतपणाच्या कळा देत होती.

यमुनाबाईंनी गिरणीची वायर ओढून पंपाला जोडली. घरघर झाली आणि निव्वळ उन्हाच्या जोरावर डिझेल वर आलं. माणसं आ वासून बघत राहिली.

शेठनी नकळत हात जोडले.

बाईंनी सूर्याकडे बोट दाखवलं. “शेठ, ती माझी टाकी. उपसावी लागत नाही.”