तीन नामांकित खेळाडू आणि खारीची ढोली

एका नदीच्या अलीकडच्या तीरावर, अर्जुनाच्या जुन्या झाडाच्या ढोलीत एक खार राहत असे. ढोली कोरडी होती, उबदार होती, आणि तिच्या तोंडाशी बसले की समोरचे खेळाचे मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसे. दर वर्षी थंडी पडली की त्या मैदानावर नदीकाठच्या संघांचे सामने सुरू होत. मैदानाच्या मध्यावर, एका झाडाच्या खाली वाकलेल्या फांदीत, कावळ्याने सोडून दिलेले घरटे होते. त्याचा तळ केव्हाच गळून गेला होता. वाळलेले कवठ वरून घरट्यात टाकायचे, ते खालून पडायचे. ज्या संघाचे आधी सात वेळा पडेल, तो जिंकला. खाली पडलेले कवठ जो आधी उचलेल त्याचे. प्रत्येक संघात खेळाडू तीन.

अलीकडचा तीर पाच वर्षे सारखा हरत आला होता. म्हणून यंदा तिथल्या प्राण्यांनी लांबलांबून तीन नामांकित खेळाडू बोलावून आणले : अमराईतले वानर, माळावरचा काळवीट आणि डोंगरातले अस्वल. वानराचा नेम क्वचितच चुके. काळवीट धावता धावता शिंगांनी कवठ उडवी. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले की त्याचा पंजा थेट घरट्याला लागे. तिघे आले त्या दिवशी सशांनी मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. सामना अजून एकही झाला नव्हता, पण अलीकडच्या तीरावर सगळे सामने जिंकून झाले होते.

पाणवठ्यावर पलीकडच्या तीरावरचा एक पोपट खारीला भेटला.

"काय खारूताई, यंदा तरी एखादा सामना जिंकणार का?"

"एखादा? अरे राघू, यंदा आम्ही एकही हरणार नाही! तुमची ती वीतभर मुंगसं आमच्या अस्वलाच्या पायाखाली आली नाहीत म्हणजे मिळवलं."

"एकही नाही?"

"एकही नाही. शेपटीला गाठ मारून ठेव हवं तर."

"शेपटी राहू दे. एक जरी सामना हरलात तर तुझी ढोली मला देशील?"

खारीने एकदा ढोलीकडे वळून पाहिले. ढोलीत तिची चार पिल्ले होती, अजून डोळेही न उघडलेली. पण भोवती ससे, साळुंक्या, मोर सगळे कान देऊन उभे होते. "बोल की गं!" मागून कोणीतरी म्हणाले.

"दिली!" खार म्हणाली.

काठावर ऊन खात पडलेल्या म्हाताऱ्या कासवाने मान बाहेर काढली. "अगं, शेवटी कोण जिंकेल यावर बोलली असतीस तर एक वेळ समजलो असतो. अमराईत त्या वानराला कवठ उचलून कोण द्यायचं, विचारलंस का?"

"आजोबा, एवढे मोठे खेळाडू! त्यांना कवठाची काय कमी?" खार म्हणाली आणि शेपूट उडवत निघून गेली.

पहिलाच सामना पलीकडच्या तीन मुंगसांशी पडला. एकाच बिळात वाढलेले ते तिघे भाऊ. एक कवठ लोळवत आणी, दुसरा पहिल्याच्या पाठीवर चढे, तिसरा दुसऱ्याच्या, आणि कसेबसे कवठ घरट्यात पडे. बघणारे हसत होते. वानराने दोनदा लांबून नेम साधला, काळविटाने दोनदा, अस्वलाने दोनदा. प्रत्येक वेळी आपापल्या खेळाडूच्या नावाने आरोळ्या उठल्या. पण मुंगसेही हळूहळू सहावर आली. सहा आणि सहा. आता ज्याचे पडेल, तो जिंकला.

खार ढोलीच्या तोंडाशी बसली होती. मागे पिल्ले चुळबुळत होती, पण तिला वळून बघवेना. समोरच्या फांदीवर पोपट येऊन बसला होता. तो मैदानाकडे बघतच नव्हता. ढोलीकडे बघत होता.

वानराने कवठ फेकले. ते घरट्याच्या काठाला लागून उडाले, गवतात पडले आणि गडगडत अस्वलाच्या पायाशी येऊन थांबले.

अस्वलाने कवठाकडे पाहिले, मग काळविटाकडे. डोंगरात त्याला नेहमी कोणीतरी उचलून देत असे. काळविटाने वानराकडे पाहिले. माळावरही तसेच होते. वानराने दोन्ही हात पुढे केले आणि ते वाट पाहू लागले. तिघेही घरट्याखाली अगदी योग्य जागी उभे होते. वाकले मात्र कोणीच नाही.

"अहो, उचला कोणीतरी!" खार किंचाळली. "पायाशी आहे! पायाशी!"

तेवढ्यात सर्वांत धाकटे मुंगूस अस्वलाच्या दोन पायांमधून सरकले. कवठ गेले. एकावर एक तिघे भाऊ उभे राहिले. सगळ्यांत वरचा डुलला, आता पडणार असे वाटले, आणि कवठ धप्पकन जमिनीवर आले. घरट्यातून.

"कसले नामांकित! पाठवा त्यांना परत!" ससे ओरडू लागले. पोपट उडत येऊन ढोलीच्या कडेवर बसला.

"सावकाश ने हं पिल्लांना," तो म्हणाला. "मला घाई नाही."

खारीने एकेक पिल्लू तोंडात धरून चार खेपा केल्या. जवळ रिकामी जागा एकच होती, काटेरी बोरीच्या गचपणात. तिथे वारा लागे आणि मैदान मुळीच दिसत नसे.

तिथे ऐकू मात्र येई. दुसऱ्या सामन्यानंतर कासव सांगून गेले की अस्वल आता वाकायला शिकते आहे. चौथ्यानंतर म्हणाले, "काळवीट कवठ वानराकडे ढकलतो आणि मग पळतो. बघण्यासारखं झालंय." पळस फुलले त्या दिवशी शेवटचा सामना होता, पुन्हा त्याच मुंगसांशी. खार बोरीतून मान उंचावून बसली होती. आरोळी उठली, थांबली, परत उठली. मग एकदम सगळा तीर गर्जला.

पोपट वरून चालला होता. "राघू! अरे, काय झालं? कोण जिंकलं?"

"तुमचेच जिंकले गं!" पोपट म्हणाला. "सातव्या वेळी अस्वलानं काय सुरेख कवठ उचलून दिलं! तुझ्या ढोलीतून अगदी स्पष्ट दिसलं."

तात्पर्य : गुणी माणसे एका दिवसात एकत्र आणता येतात, पण ती एकमेकांची व्हायला वेळ लागतो. त्यांच्यावर आशा जरूर ठेवावी, पण पहिल्याच दिवसाची मुदत घालून त्या आशेवर आपले घर पणाला लावू नये.