पहिलं फावडं

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता असं विचाराल तर मला सांगता यायचं नाही. असेल कुणीतरी. त्याचं या गोष्टीत काही काम नाही. काम आहे ते फावड्याचं.

एका मोठ्या नदीच्या काठी, उतारावर, एक गाव होतं. घरं एकाखाली एक, पार पाण्यापर्यंत उतरलेली, आणि मधून एकच गल्ली. दर पावसाळ्यात नदी चढायची आणि गावात शिरायची. ते गावाला ठाऊकच होतं. म्हणून आषाढ लागला की माणसं पोरंबाळं, शेरडं-करडं, भांडीकुंडी घेऊन मागच्या माळावर जायची आणि झोपड्या घालून राहायची. मग आश्विनात आभाळ उघडलं, नदीचं पाणी निवळलं, की झोपड्या मोडायच्या आणि खाली आपापल्या घरी यायचं.

घरी यायचं, हे बोलायला सोपं! घरात काय असायचं? गाळ. वरच्या घरांत गुडघाभर, खालच्या घरांत कमरेएवढा. चूल गाळात, जातं गाळात. कोनाड्यात एखादा बेडूक बसलेला असायचा, आणि तो असा बघायचा की जणू घर त्याचंच आणि आपण पाहुणे.

हा गाळ ओला असतो तोवर फावड्याने निघतो. पण आश्विनातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. चार दिवस तापलं की त्याच गाळाचा दगड होतो. मग पहार घ्यावी लागते, आणि पहारीचे दणके बसले की मातीच्या भिंती हादरतात. म्हणून परत आल्यावर सगळ्यांनाच घाई असायची.

त्या गावाची एक रीत होती. पहिलं फावडं मारायचं ते सगळ्यांत खालच्या घरात. सगळ्या गावाने मिळून ते घर मोकळं करायचं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं, असं करत शेवटी सगळ्यांत वरचं. खालून वर. का म्हणाल, तर ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरांनी विचारलं तर मोठी माणसं म्हणायची, "रीत आहे, गप काम कर." मोठ्या माणसांना कारणं सांगायचा फार कंटाळा असतो, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते.

सगळ्यांत वरच्या घरात हैबती राहायचा. अंगाने दांडगा, हाताला जोर, आणि पहिलं फावडं मारायचा मान त्याच्या घराण्याचा. तो जिथे फावडं मारील तिथे गाव मागून जायचं. त्याची बायको तरणीताठी असतानाच गेली होती. मागे एकच लेक, साळू, तेव्हा रांगतीसुद्धा नव्हती.

आणि सगळ्यांत खालच्या घरात राहीआजी. तिला पुढे-मागे कुणी नव्हतं. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. साळूची आई गेली तेव्हा हैबती त्या तान्ह्या पोरीला घेऊन हिच्या दारात उभा राहिला होता. राहीआजी म्हणाली होती, "दे इकडे." बस, तेवढंच. त्या दिवसापासून साळू उतारावरून धावत खाली जायची आणि जेवायला हाक मारली की रडत वर यायची. ती न्हाती-धुती झाली, तिचं लग्न झालं, पण माहेरी आली की तिची गाडी आधी खाली थांबायची. बापाच्या घरी ती नंतर चढून जायची, आणि हैबतीलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षी साळू पहिलटकरीण होती. बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि दिवस ठरला होता आश्विनातली वद्य अष्टमी. पण पाऊस लांबला. नदी उतरायला उशीर झाला. गाव माळावरून खाली आलं तेव्हा अष्टमीला उणेपुरे नऊ दिवस उरले होते.

हैबतीने दार उघडलं. आतल्या खोलीत गाळ, भिंती ओल्याचिंब. बाळंतिणीला ओल बाधते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याची बायको अशाच एका ओल्या खोलीत तापाने गेली होती. रिती-रिवाजाने खालून वर यायचं म्हणजे त्याच्या घराची पाळी सातव्या दिवशी. मग दोन दिवसांत भिंती वाळणार कधी आणि जमीन सारवणार कधी?

तो फावडं खांद्यावर टाकून खाली राहीआजीच्या दारात गेला. गाव मागे उभं होतं.

"आजी," तो म्हणाला, "एवढ्या वर्षी मी माझं घर आधी करतो. साळूसाठी. दोन दिवसांत हातावेगळं करतो आणि मग सगळ्यांना घेऊन तुझ्याकडे येतो."

राहीआजी ओसरीवर गाळातच एक पाट टाकून बसली होती. ती हसली. "मग जा की! मला विचारत काय बसलास? पोर ओल्यात निजायला नको. मी काय, बसेन इथे बेडकांशी गप्पा मारत."

हैबती वर गेला आणि त्याने पहिलं फावडं आपल्या घरात मारलं.

आता नीट ऐका. गावाने काय केलं? गावातल्या कुणी भांडण केलं नाही, कुणी कुणाला वाईट बोललं नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. हैबतीच्या खालचा दगडू म्हणाला, "तो त्याचं करतोय, तोवर मी माझं थोडं करतो. बसून काय करायचं?" त्याच्या खालच्याला ते पटलं. त्याच्याही खालच्याला पटलं. दुपारपर्यंत प्रत्येकजण आपापल्या घरात फावडं मारत होता. एकमेकांना हाका मारत होते, गाणी म्हणत होते, चुली पेटवत होते. परत आल्याचा आनंद सगळ्या गल्लीभर होता.

गाळ काढला की तो टाकायचा कुठे? दाराबाहेर. दाराबाहेर उतार. वरच्याचा गाळ खालच्याच्या दारात यायचा, तो वैतागून आणखी खाली ढकलायचा. असा सगळ्या गावाचा गाळ घसरत घसरत सगळ्यांत खाली गेला आणि राहीआजीच्या घराच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकला.

तिसऱ्या दिवशी राहीआजी काठी टेकत वर आली. चढताना ती चार वेळा थांबली. हैबती भिंतींना पांढऱ्या मातीचा हात देत होता.

"छान झाली रे खोली," ती म्हणाली. भिंतीवरून हात फिरवला. "उजेड छान येतोय. पण हैबती, माझ्या मागच्या भिंतीला गाळ लागलाय. तुमचाच आहे सगळ्यांचा. आणि आतला माझा तर अजून तसाच. वाळायला लागलाय बघ."

"उद्या, आजी. उद्या उजाडताच."

"बरं," ती म्हणाली आणि उतरायला लागली.

तो खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच जायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी सारवलेल्या जमिनीला तडे गेले, ती पुन्हा सारवावी लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजेचा पाय मोडका निघाला. मग पाळण्याची दोरी. लेकीसाठी काम करणाऱ्या बापाला काम सापडत जातं, आणि प्रत्येक काम त्याला पुण्याचंच वाटतं. तो घामाघूम होऊन राबत होता. आळशी माणसाची गोष्ट सांगत असते तर मला एवढा राग आला नसता. बाकीच्यांचं काय विचारता? प्रत्येकजण म्हणत होता, "हैबती जाईल तेव्हा जाऊ. पहिलं फावडं त्याचं."

सहाव्या दिवशी दुपारी आभाळ अचानक भरून आलं. जाता जाता पाऊस एकदा असा दणका देतो, तसा तो कोसळला. अर्धा तास. वाळलेल्या गाळाला पाणी लागलं, तो फुगला, आणि वरून गल्लीतला उरलासुरला गाळही त्याच्यावर येऊन चढला. राहीआजी घरातच होती. तिने पहार घेतली होती आणि एकटीच चुलीभोवतीचा गाळ फोडत होती. ऐंशी वर्षांची बाई.

मागची भिंत आत पडली आणि तिच्याबरोबर अख्खं घर बसलं.

आवाज वरपर्यंत गेला. त्या दिवशी मात्र सगळं गाव फावडी घेऊन खाली धावलं. सगळ्यांत पुढे हैबती. तो वेड्यासारखा उपसत होता आणि ओरडत होता, "आजी, आलो! आलो बघ!" कुणी पाटी भरत होतं, कुणी नदीत रिकामी करत होतं. तासाभरात ते घर मोकळं झालं. तासाभरात, मुलांनो. सगळ्यांनी मिळून केलं तर त्या घराला एवढाच वेळ लागत होता.

राहीआजी चुलीजवळ सापडली. गेलेली होती.

कुणीतरी तिच्यावर आपलं उपरणं पांघरलं. मग एका म्हाताऱ्याचं लक्ष गल्लीकडे गेलं. खालचं घर आणि त्याच्या मागची वाट मोकळी झाल्यामुळे वरचा सगळा गाळ पावसाच्या पाण्याबरोबर सरळ वाहत नदीत चालला होता. कुणाच्या दारात थांबत नव्हता. "म्हणून खालून वर होतं होय," म्हातारा पुटपुटला. इतक्या पिढ्यांनी पाळलेल्या रितीचं कारण त्यांना कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

अष्टमीला साळूची गाडी आली. नेहमीसारखी खालीच थांबली. नवऱ्याने हात दिला, ती सावकाश उतरली, आणि समोर बघून तशीच उभी राहिली. घर नव्हतं. मोकळी जागा होती आणि तिथे हैबती डोकं धरून बसला होता.

"आजी कुठंय, आबा?"

त्याने सांगितलं. काही लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. दोन दिवस म्हटलं होतं आणि सहा झाले, हेही सांगितलं. साळू रडली नाही. ती उताराकडे वर बघत होती. वरपासून खालपर्यंत सगळी घरं सारवलेली, पोतारलेली, दारांत रांगोळ्या, आणि सगळ्यांत वर तिच्या बापाचं घर उन्हात पांढरंशुभ्र.

"तुझी खोली अगदी कोरडी आहे गं," हैबती म्हणाला. "ओलीचा टिपूससुद्धा नाही. चल, चढून बघ तरी."

"माझ्यासाठी केलंत हे?"

"तुझ्यासाठीच गं, पोरी. दुसऱ्या कुणासाठी?"

"तेच तर," साळू म्हणाली. "आता मी त्या खोलीत निजू कशी? डोळे मिटले की मला पहारीचे दणके ऐकू येतील." ती वळली. नवऱ्याला म्हणाली, "गाडी फिरवा." त्या अवस्थेत आल्या वाटेने पुन्हा दिवसभराचा प्रवास. हैबती गाडीच्या चाकाला धरून बरंच अंतर चालत गेला. मग त्याचा हात सुटला.

साळू सासरीच बाळंत झाली. मुलगी झाली. निरोप कुणी पाठवला नाही, हैबतीला ते एका वाटसरूकडून कळलं. बाराव्या दिवशी तो बाळंतविडा घेऊन गेला. लेकीने त्याला पाय धुवायला पाणी दिलं, बसायला घोंगडी घातली, नात मांडीवर दिली. काही कमी केलं नाही. आल्या-गेल्या पाहुण्याचं करतात तसं सगळं नीट केलं, आणि त्यानेच त्याचा जीव कासावीस झाला. एकदा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

निघताना त्याने चपला घातल्या, पण पाऊल उचलेना. शेवटी धीर करून म्हणाला, "साळू, झालं ते झालं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण घरी कधी येशील?"

साळूने बाळाचं टोपडं सारखं केलं. तिचा आवाज शांत होता.

"कुठल्या घरी, आबा?"

हैबतीने बाळाच्या पावलांवरून एकदा हात फिरवला. मग तो एकटाच नदीकाठच्या वाटेला लागला. पुढे तो पुष्कळ वर्षं जगला. दर आश्विनात गावाबरोबर खाली यायचा, दार उघडायचा, गाळ काढायचा, ती आतली खोली सारवायचा. पण साळू पुन्हा कधी आली नाही, आणि आपण घरी परत आलो असं हैबतीला मरेपर्यंत एकदाही वाटलं नाही.

लहानांनो आणि थोरांनो, एवढंच लक्षात ठेवा: आपल्यातलं सगळ्यांत खालचं घर उभं राहिल्याशिवाय आपण कुणीच घरी परतलेलो नसतो.